मदत हवी आहे: डायलिसिसच्या पेशंटसाठी ३-४ गावं मिळून एक गाडी कशी लावायची?

रामराम मंडळी. आमच्या चोपडा तालुक्यात अडावद-धानोरा पट्ट्यातले काही पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा जळगावला डायलिसिसला जातात. सगळ्यांची शिफ्ट सकाळचीच. एसटीत त्यांना प्रवास फुकट आहे हे माहितीये, पण आतल्या गावातून त्या टायमाला गाडीच नाही आणि परत येताना माणूस इतका गळालेला असतो की स्टँडवर दोन तास बसवत नाही हो. १०८ इमर्जन्सीसाठी, १०२ गरोदर बाया आणि लहान बाळांसाठी, दोन्हीकडे विचारून झालं. डेपोत अर्ज दिला तर म्हणे प्रवासी कमी.

ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी सुचवू नका, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारात किडनीचा आजार येत नाही, आणि यांच्यापैकी कोणाकडेच दिव्यांग सर्टिफिकेट नाही. प्रायव्हेट गाडी रोज कोणाला परवडत नाही, वर्गणी एकदोन महिने टिकते बस.

सरपंच तयार आहेत, फक्त ऑडिटला घाबरतात. तर ३-४ ग्रामपंचायतींनी स्वनिधीतून मिळून भाड्याची गाडी लावायची तर ठराव प्रत्येकीने वेगळा करायचा का, खर्च कुठल्या हेडला टाकायचा, आणि मंजुरी बीडीओची लागते की झेडपीची? धुळे-नंदुरबारकडे कोणी केलंय का असं?