शेडकार्ड म्हणे!

शाईचा डाग: काल 'रिकामटेकडा' यांनी लिहिलं की चित्रकार बायरन किमचं 'सिनेकडकी' (म्हणजे अंशावरून पूर्ण सुचवणं) हे चित्र म्हणजे रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड, आणि त्यात समाज, ओळख वगैरे शोधणारे ढोंगी. डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. १९९१पासून हा किम एकेकाला समोर बसवून त्याच्या त्वचेचा रंग जुळवतोय. मित्र, घरचे, अनोळखी, कुणीही. माणशी एक फळी, त्याच्या रंगाने रंगवलेली, १० इंच बाय ८ इंच. अशा चारशेच्या वर झाल्यात. नाक नाही, डोळे नाहीत. आणि मांडणी नावाच्या आद्याक्षराप्रमाणे! गोऱ्याकडून काळ्याकडे उतरंड लावली असती तर शेडकार्ड म्हटलेलं ऐकून घेतलं असतं.

रिकामटेकडा: हे तुम्हाला चित्राशेजारी लावलेल्या माहितीच्या पाटीने सांगितलं. पाटी झाका, उरतात तेलरंगाचे चौकोन. नावं भिंतीवर दिसतात का? मग पाटीच टांगा की!

चष्मा: पाट्यांचं नाव काढू नका. गुडघ्याएवढ्या उंचीवर, मुंगीएवढी अक्षरं. एकदा वाकून वाचत होतो तर रक्षक खेकसला, "चित्रापासून लांब!" मी चित्राकडे पाहतही नव्हतो.

जांभळी: मला पाटी लागली नाही. शाळेत 'स्किन कलर' नावाचा खडू होता. स्वतःचं चित्र काढताना मी तपकिरी घेतला, तर बाईंनी तो काढून हा हातात दिला. घरी जाऊन गालावर घासून पाहिला. पांढुरका पट्टा उठला, बाकी गाल होता तसाच.

चष्मा: क्रेयोला या खडूवाल्या कंपनीने 'फ्लेश' (कातडीचा रंग) या खडूचं नाव 'पीच' केलं ते १९६२ साली. बाईंपर्यंत बातमी पोचली नसावी.

जांभळी: बाईंची बाजू घेताय?

चष्मा: टोमणा होता हो तो!

शाईचा डाग: आमच्याकडे त्याच खडूने डुक्कर रंगवायचे.

रिकामटेकडा: धागा चित्राचा की खडूचा? प्रत्येकाने आपलं बालपण चिकटवायचं आणि त्याला रसग्रहण म्हणायचं!

शाईचा डाग: एवढं चिकटवता येतं, हाच तर मुद्दा. शेडकार्ड पाहून कुणाला बाई आठवतात?

रिकामटेकडा: बरं, आद्याक्षरांचं मान्य. उपकार म्हणून. पण एका चौकोनात माणूस मावतो, हे नाही पटत.

जांभळी: मावत नाहीच. माझा तळहात वेगळ्या रंगाचा, हाताची पाठ वेगळ्या. किमसमोर बसले असते तर त्याने कुठला उचलला असता?

रिकामटेकडा: हा प्रश्न बरा आहे. चष्मा, वाका जरा, पाटीवर आहे का बघा.