सोपा-पिपा: मंगळवारच्या मतदानाआधी एक फोन

प्रेषक: ग्रंथालय व मराठी शाळा
सोमवार, १६ जानेवारी २०१२, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

मंडळाचा संक्रांतीचा तिळगूळ शनिवारी हॉलवर देऊच, पण एक काम शनिवारपर्यंत थांबणारं नाही.

नेटवरची गाण्यांची-चित्रपटांची चोरी रोखायला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या संसदेत, दोन विधेयकं आहेत. हाउसमधलं सोपा (स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट), टेक्सासच्या लमार स्मिथ यांनी ऑक्टोबरात मांडलेलं. सिनेटमधलं पिपा (प्रोटेक्ट आयपी ॲक्ट), व्हरमाँटच्या पॅट्रिक लेही यांचं. पिपासाठी सिनेटमध्ये २४ तारखेला, म्हणजे पुढच्या मंगळवारी मतदान ठेवलंय. कॅलिफोर्नियाच्या आपल्या दोन्ही सिनेटर, फाइनस्टाइन आणि बॉक्सर, पिपाच्या सहप्रस्तावक आहेत. म्हणून त्यांना फोन आपणच करायला हवा.

चोरी थांबावी याला माझी ना नाही. पण परदेशातली एखादी साइट चोरीच्या मालाची आहे असा सरकारने कोर्टाचा हुकूम आणला, की सर्च इंजिनांनी ती दाखवायची नाही, कार्डवाल्यांनी तिचे पैसे वळते करायचे नाहीत, जाहिरातदारांनी पाठ फिरवायची. इथल्या इंटरनेट कंपन्यांनी तिचा पत्ताच ओळखायचा नाही, असंही कलम आहे. ते काढून टाकू असं स्मिथ शुक्रवारी म्हणाले. बाकी सगळं तसंच आहे. आणि साइटवाला समोर नसला तरी हा हुकूम निघू शकतो.

हे ऐकून पोटात गोळा का येतो ते सांगते. सप्टेंबरात गणपतीत शाळेच्या अकरा मुलांनी समर्थांची आरती म्हटली. शब्द तीनशे वर्षांहून जुने, पेटी आणि तबला आपल्याच सभासदांचा, आवाज पोरांचे. व्हिडिओ चढवला आणि दोन दिवसांत तो गायब. एका संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतो, एवढंच कळवलं. हरकत नोंदवली. दहा ते चौदा कामाचे दिवस थांबा, असं उत्तर आलं. एका मुलीची आजी साताऱ्याला रोज सकाळी सुनेला विचारायची, आज दिसतंय का गं. व्हिडिओ परत आला तेव्हा पितृपक्ष लागला होता.

हे आजच्या, १९९८ च्या कॉपीराइट कायद्यात झालं. त्यात निदान हरकत घ्यायची सोय होती.

उद्या रात्री नऊपासून (आपल्या वेळेने) इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून चोवीस तास बंद राहणार आहे. मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट त्याआधी उरकून घ्या.


प्रेषक: एक आजीव सभासद, फ्रिमाँट
मंगळवार, १७ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, नमस्कार.

तुमची तळमळ कळते. पण दुसरी बाजूही कोणीतरी लिहायला हवी.

माझ्या भाच्याने पुण्यात एका मराठी चित्रपटात पैसे घातले. घरावर कर्ज काढून. चित्रपट लागला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो नेटवर होता. महिन्याभरात इथल्या एका किराणा दुकानात काउंटरवर, धणे-जिऱ्याच्या पाकिटांशेजारी, डीव्हीडी आली. पांढरी तबकडी, वर पेनने नाव लिहिलेलं, दोन डॉलर. आपल्याच लोकांनी घेतली. एकाने तर मला घरी आणून दिली, "काका, बघा, छान आहे." कोणाचा चित्रपट आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

भाच्याने पुन्हा चित्रपटाचं नाव काढलेलं नाही. गूगलसारख्या कंपन्या याला स्वातंत्र्य म्हणतात, कारण त्यांचा धंदा त्यावर चालतो. माझ्या भाच्याचं स्वातंत्र्य कोणी मोजायचं?


प्रेषक: ग्रंथालय व मराठी शाळा
मंगळवार, १७ जानेवारी, रात्री ८:०५

काका,

तुमची मेल दुपारी ऑफिसात वाचली आणि नंतर कामात लक्ष लागलं नाही. आमच्याकडेही अशा दोन तबकड्या होत्या. आत्ता मोडून कचऱ्यात टाकल्या. शनिवारी हॉलवर मी माइकवरून सांगणार आहे की मराठी चित्रपट विकतच घेऊन पाहा. हे मंडळाने फार आधी करायला हवं होतं.

पण काका, ती दुकानातली डीव्हीडी या कायद्याने हलणार नाही. तिच्यासाठी आजचा कायदा पुरेसा आहे, फक्त तक्रार कोणी करत नाही. आणि साइटवाल्यांना धरायची ताकदही सरकारकडे आजच आहे. ती कशी वापरली जाते तेही बघा. नोव्हेंबर २०१० मध्ये दाजाझ-वन नावाची हिप-हॉप संगीताची साइट सरकारने जप्त केली. त्यातली गाणी संगीत कंपन्यांच्याच माणसांनी प्रसिद्धीसाठी पाठवली होती, असं साइटवाला सांगत होता. वर्ष उलटलं आणि गेल्या महिन्यात साइट परत दिली. खटला नाही, आरोप नाही. छोट्या माणसाचं वर्षभर बंद असलेलं दुकान परत मिळालं तरी गिऱ्हाईक परत येत नाही. तुमच्या भाच्यावर आली ती वेळ उलट्या बाजूने याच्यावर आली.

आता आपलं सांगते, कारण मला खरी काळजी त्याची आहे.

ग्रंथालयाची कपाटं माझ्या गॅरेजमध्ये आहेत. साने गुरुजींचं १९३५ साली पहिल्यांदा छापलेलं पुस्तक त्यात आहे. आपली प्रत बरीच नंतरची, पण पानं अशी झालीत की उलटताना कोपरा हातात येतो. शाळेतल्या मुलांना ती कशी द्यायची? म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी एकेक पान स्कॅन केलं आणि मंडळाच्या साइटवर ठेवलं. गुरुजी ११ जून १९५० ला गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून ते पुस्तक सगळ्यांचं झालं. मी बिनघोर होते.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे, हे मला नोव्हेंबरात कळलं. १९९४ मध्ये इथे एक कायदा झाला. १९९६ च्या सुरुवातीला मायदेशी कॉपीराइटमध्ये असलेल्या जुन्या परदेशी पुस्तकांना त्याने इथे नव्याने संरक्षण दिलं, छापल्यापासून ९५ वर्षं. म्हणजे भारतात मोकळं झालेलं हे पुस्तक इथे २०३० संपेपर्यंत मोकळं नाही. याविरुद्ध डेन्व्हरचे एक वाद्यवृंद-संचालक, लॉरेन्स गोलन, सर्वोच्च न्यायालयात गेलेत. निकाल यायचाय.

आता त्याच्याशेजारी सोपा-पिपा ठेवा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावर हजारो जुनी मराठी पुस्तकं आहेत. नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या जिवापाड जपून नेटवर आणणारी माणसं पुण्या-मुंबईत आहेत. भारतात कायदेशीर आणि अमेरिकेच्या हिशेबात बेकायदेशीर, अशा फटीत यातलं बरंच काही सापडतं. उद्या कोणी तक्रार केली तर इंडियानातला मराठी मुलगा ते शोधायला जाईल आणि त्याला ते दिसणारच नाही. पुण्यातला निवृत्त मास्तर बाजू मांडायला अमेरिकेच्या कोर्टात येईल का हो? तिकिटाचे पैसे कुठून आणेल?

चोराला धरा काका, मी तुमच्याबरोबर येते. पण आरोप झालेल्याला आधी विचारा.


प्रेषक: सनीव्हेलहून, नवीन सभासद
मंगळवार, १७ जानेवारी, रात्री ८:५०

ताई, मी एच-वन-बीवर आहे. फोन केला तर चालतो का? व्हिसाला काही त्रास नको.

भारतातही हेच वारं आहे. गेल्या एप्रिलच्या आयटी नियमांनुसार तक्रार आली की वेबसाइटवाल्याने ३६ तासांत हालचाल करायची. मजकूर आधीच चाळून घ्या असं दूरसंचारमंत्री कपिल सिब्बल यांनी डिसेंबरात कंपन्यांना सांगितलं. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, मग तिकडे जाऊन काय मिळवलंस?


प्रेषक: सचिव
मंगळवार, १७ जानेवारी, रात्री ९:३०

सर्वांना नमस्कार.

दोन खुलासे. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे. उमेदवाराचा प्रचार आपल्याला पूर्ण बंद आहे. विधेयकावर थोडंफार बोलता येतं, पण कार्यकारिणीत ठराव झालेला नाही, त्यामुळे मंडळाच्या नावाने कोणी फोन करू नये. स्वतःच्या नावाने जरूर करा.

नवीन सभासदांसाठी: मत देता येत नसलं तरी आपलं म्हणणं मांडायला नागरिक असावं लागत नाही. आपण जिथे राहतो तिथल्या प्रतिनिधीला फोन करायचा, झिप कोड सांगायचा.

(विकिपीडिया आत्ता काळा झाला. मुलगा ओरडत खाली आला.)


प्रेषक: ग्रंथालय व मराठी शाळा
शुक्रवार, २० जानेवारी, संध्याकाळी ६:२०

मंडळी,

आज सकाळी सिनेटमधले बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी मंगळवारचं मतदान पुढे ढकललं. लमार स्मिथ यांनीही सोपा थांबवलं. बुधवारी दिवसभर सिनेटर माघार घेत होते, फ्लोरिडाचे मार्को रुबिओ तर स्वतः सहप्रस्तावक होते. सॅन होजेच्या झो लॉफग्रेन पहिल्यापासून विरोधात होत्या, त्यांना आभाराचा फोनही करा. आपल्या यादीवरून सव्वीस जणांनी फोन केल्याचं मला कळवलं. त्यातल्या नऊ जणांनी या देशात असा फोन पहिल्यांदाच केला. माझा तिसऱ्या खेपेला लागला. पलीकडच्या मुलीने आरतीची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि "आजी" शब्दाचं स्पेलिंग विचारलं.

काकांनीही फोन केला. त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्याच परवानगीने लिहिते: "माझं घर लुटलं गेलंय, मला कायदा हवाच आहे, पण हा नको. दुसरा आणा." विधेयक मेलेलं नाही, पुढे ढकललंय, त्यामुळे काकांचं दुसरं वाक्यही आपण विसरून चालणार नाही. आणि काका, काल मेगाअपलोड ही फाइली चढवायची-उतरवायची साइट बंद पडली, तिच्या किम डॉटकॉमला न्यूझीलंडमध्ये पकडलं. सोपाशिवायच, आजच्या कायद्याने.

आता दुसरी बातमी. विकिपीडिया बंद होता त्याच बुधवारी गोलन यांचा निकाल लागला. सहा विरुद्ध दोन, गोलन हरले. परत आणलेला कॉपीराइट कायम. न्यायमूर्ती ब्रायर आणि अलिटो विरोधात होते, पण दोघांनी काय होतं.

म्हणून साने गुरुजींच्या पुस्तकाची पानं मी काल रात्री मंडळाच्या साइटवरून उतरवली. एकशे ऐंशीच्या वर होती, एकेक करून काढली. कायदा आवडला नाही तरी मोडायचा नाही, हे शाळेत मीच शिकवते. ज्यांच्याकडे हक्क असतील त्यांना परवानगी मागायचं पत्र लिहायला घेतलंय. पुण्यातल्या प्रकाशन व्यवसायात कोणाची ओळख असेल तर मला फोन करा.

तोवर शाळेला छापील प्रत आहे, एकच. उद्या हॉलवर आणते आहे, ब्राउन पेपरचं कव्हर घालून. तिसरी-चौथीच्या पालकांनी वहीत नाव लिहून एक एक आठवड्यासाठी न्यावी. पानं कोपऱ्याला धरू नका, मधून उलटा.