मदत हवी आहे: पीएसआर-२०००वर चाल बांधताना स्टाइलच्या साच्यातून बाहेर कसं यायचं?

कोमल_रिषभ
नमस्कार. यामाहाचा पीएसआर-२००० कीबोर्ड आहे, २००१च्या आसपासचं मॉडेल. ६१ पट्ट्या, फ्लॉपी ड्राइव्ह, सगळं चालू स्थितीत. यावर भावगीताच्या अंगाने चाली बांधायच्या आहेत, पण ‘स्टाइल’मुळे, म्हणजे वाद्यातल्या तयार साथीच्या साच्यामुळे, चाल सुचायच्या आधीच साथ ठरून जाते. डाव्या हाताने कॉर्ड धरला की ड्रम्स, बेस, गिटार, स्ट्रिंग्ज सगळं एकदम सुरू होतं आणि उजवा हात त्याच चार-चार बारच्या वळणांवर जातो. स्टाइल बदलली की थोडा वेळ नवं वाटतं, मग पुन्हा तेच.

यमनात काही बांधायला घेतलं तर कॉर्ड खटकतात. रूपकाला (सात मात्रांचा ताल) चालेल असा ठेका सापडत नाही. नवं वाद्य घेण्याआधी याच्यातूनच काय काढता येईल?

खर्जसाधना
वाद्य बदलू नका, आधी साथ कमी करा. चॅनल ऑन/ऑफच्या पानावर स्टाइलचे आठ भाग दिसतील: ऱ्हिदम १ व २, बेस, कॉर्ड १ व २, पॅड, फ्रेज १ व २. ऱ्हिदम १ आणि बेस ठेवून बाकी सहाही बंद करा. दोन्ही फ्रेज तर चाल पक्की होईपर्यंत उघडूच नका. स्टाइलमधल्या तयार तानांसारख्या जागा तिथे असतात आणि उजवा हात नकळत त्यांचीच नक्कल करतो.

मग कॉर्ड फिंगरिंग ‘फिंगर्ड’वर ठेवा आणि पूर्ण कॉर्ड धरायचं सोडा. फक्त सा आणि प दाबले की वाद्य त्याला १+५ म्हणून ओळखतं आणि साथीतला गंधार जातो. सा आणि वरचा सा दाबला तर १+८, म्हणजे नुसता षड्ज. साथीने गंधार लावला नाही की मेजर की मायनर हा निर्णय तुमच्या चालीकडे राहतो, आणि खरी मोकळीक इथे मिळते. तीन लगतच्या पट्ट्या (सी, सी शार्प, डी) एकत्र दाबल्या की कॉर्ड रद्द होऊन फक्त ताल उरतो. ध्रुवपदाला १+५, अंतऱ्याच्या पहिल्या ओळीला नुसता ताल, एवढ्यानेही बांधणी बदलते.

यमनातली खटक बहुधा एफ मेजरची असेल. त्यात शुद्ध मध्यम आहे आणि सवयीने हात तिकडे जातो. जी सेव्हनमध्येही तोच मध्यम लपलेला असतो. सा म्हणजे सी (C) पट्टी धरली तर डी मेजर (रे, तीव्र म, ध), ई मायनर, जी मेजर, ए मायनर, बी मायनर हे सगळे यमनात बसतात. भूपात मात्र पूर्ण बसणारे कॉर्ड दोनच, सी मेजर आणि ए मायनर. बाकी सगळीकडे १+५.

मात्रा१४
रूपकासाठी स्टाइल क्रिएटरमध्ये (स्वतःची स्टाइल बनवायची सोय) नवी स्टाइल घ्या. ७/४ मिळत नसेल तर बीट २/४ आणि लांबी ७ बार ठेवा. १४ ठोके, म्हणजे दोन आवर्तनं. दुसरी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चौथ्या बारच्या दुसऱ्या ठोक्यावर येते. मेट्रोनोमचा जोर तिथे चुकीचा वाटेल, तो बंद करून हाताने मात्रा मोजा.

ती ती ना, धी ना, धी ना. सम खालीची (टाळी नसलेली) आहे, म्हणून पहिल्या तीन मात्रांत डग्गा येऊ देऊ नका. स्टँडर्ड किटमध्ये हाय बाँगो (नोट ६०) तबल्याच्या ‘ना’साठी आणि लो काँगा (नोट ६४) डग्ग्यासाठी पुरतो, तो काँगा फक्त चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. मधल्या भरीला म्यूट हाय काँगा (नोट ६२), अगदी हलक्या हाताने. सगळ्या ठोक्यांचा जोर सारखा झाला की ठेका यंत्राचा वाटतो, म्हणून क्वांटाइझपेक्षा (ठोके यंत्राने अचूक जागी बसवणं) जोराकडे जास्त लक्ष द्या.

मेन ए वरून मेन बी वर (स्टाइलचे मुख्य भाग) जाणं पुढच्या बारला होतं, समेला नव्हे. बटण सातव्या बारमध्येच दाबा आणि ऑटो फिल (भाग बदलताना आपोआप येणारी भर) बंद ठेवा, नाहीतर आवर्तन मध्येच तुटेल.

बेस आणि फ्रेज रेकॉर्ड करताना वाद्य मूळ कॉर्ड सीएम७ (सी मेजर सेव्हन) धरतं. त्यामुळे सी, डी, ई, जी, ए, बी एवढेच सूर वापरा. कॉर्ड आणि पॅडमध्ये फक्त सी, ई, जी, बी. बाहेरचा सूर घेतला तर दुसरा कॉर्ड धरल्यावर तो भलतीकडे सरकतो.

कोमल_रिषभ
१+५ने लगेच फरक पडला, मनापासून आभार. पण मागे तानपुरा हवा असेल तर? कॉर्ड बदलला की तोही बदलणार ना?

मात्रा१४
बदलणार नाही. एका फ्रेज चॅनलवर सितारच्या आवाजात मंद्र प, सा, सा, खर्जाचा सा असं सावकाश, मात्रांना न बांधता वाजवा. मग पॅरामीटरच्या पानावर त्या चॅनलचं एनटीआर (कॉर्डचा मूळ सूर बदलल्यावर सूर कसे सरकतात तो नियम) ‘रूट फिक्स्ड’ आणि एनटीटी (कॉर्डच्या प्रकाराप्रमाणे सूर बदलणारा तक्ता) ‘बायपास’ करा. दोन्ही लागतात, ‘रूट ट्रान्स’ राहिलं तर तानपुरा कॉर्डबरोबर वरखाली जाईल. गायकासाठी पट्टी ट्रान्सपोजने बदला, म्हणजे तानपुराही सोबत जाईल. काळी १ला (सी शार्प) +१, पांढरी ५ला (जी) -५.

खर्जसाधना
तानपुरा लावलात की कीबोर्डचा समान अंतरांवर लावलेला गंधार टोचायला लागेल, म्हणून स्केल ट्यूनही (एकेक सूर किंचित वर-खाली करायची सोय) करा. सा ०, रे +४, ग -१४, तीव्र म -१०, प +२, नी -१२ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). धैवताचा निर्णय मात्र कॉर्डवर आहे. यमनात डी मेजर वापरणार असाल तर ध +६. रे-ध पंचम शुद्ध राहतो. भूपात ए मायनर धरणार असाल तर ध -१६, म्हणजे ध-ग जुळतं. एकाच धैवतात दोन्ही साधत नाही, म्हणून चालीप्रमाणे दोन वेगळ्या सेटिंग्ज ठेवा.

आणि बनवलेली प्रत्येक स्टाइल त्याच दिवशी दोन फ्लॉपींवर साठवा, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने संगणकावरही उतरवा. पुढेमागे ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्हवर चालणारा इम्युलेटर बसवायचा झाला तर विकत घेण्याआधी आतली रिबन बघून घ्या. ३४ पिनांची रुंद केबल आणि २६ पिनांची चपटी पट्टी यांना वेगवेगळे इम्युलेटर लागतात. उघडण्याआधी वीज पूर्ण काढून ठेवा.