माती परीक्षणात कॅल्शियम भरपूर, तरी टोमॅटोचं बुड काळं का पडतंय?

कुकडीकाठ (प्रश्न)
जुन्नर तालुका. मध्यम काळी, थोडी चुनखडीची जमीन. बेड, मल्चिंग, ड्रिप सगळं आहे. दुसरा तोडा चालू आहे आणि क्रेट भरताना बऱ्याच फळांचं बुड काळं, चपटं, कडक निघतंय. दुकानदार म्हणतो कॅल्शियमची कमतरता. माती परीक्षणाच्या अहवालात तर कॅल्शियम जास्त आलंय. कॅल्शियम नायट्रेट फवारूनही झालं. पानं हिरवीगार, वाढ जोमात. मग कमतरता आली कुठून? लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यामुळे पाणी मागंपुढं होतं. नुसतं औषधाचं नाव नको, कारण कुणी नीट सांगेल का?

शेतीमित्र_संगमनेर
दादा, आमच्याकडे उन्हाळी प्लॉटला असंच झालं होतं. बोरॉन आणि चिलेटेड कॅल्शियम मारलं, पुढच्या तोड्याला कमी झालं. पण त्याच वेळी वळीवही झाला होता, त्यामुळे नक्की कशानं थांबलं ते सांगता येत नाही.

मीनाताई_वनस्पतिशास्त्र
कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि सासरी टोमॅटोच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानदाराचं निदान बरोबर आहे आणि तुमचा अहवालही बरोबर आहे. कॅल्शियम जमिनीत आहे, पण फळाच्या बुडापर्यंत पोचत नाही.

झाडात दोन वाहिन्या असतात. जलवाहिनी, म्हणजे झायलम, मुळाकडून पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजं वर नेते. रसवाहिनी पानांत तयार झालेली साखर फळाला, शेंड्याला, मुळीला पोचवते. नत्र, पालाश, मॅग्नेशियम दोन्हींतून फिरतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या वाढीला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. कॅल्शियमचं तसं नाही. ते जवळजवळ सगळं जलवाहिनीतूनच जातं आणि एकदा पानात पोचलं की तिथंच बसतं. तुम्ही पानांवर मारलेलं कॅल्शियम फळाकडे वळत नाही ते याचमुळे. फळावर पडलेलंही मेणचट सालीतून फारसं आत शिरत नाही.

आता जलवाहिनीतलं पाणी जातं कुणीकडे, हा खरा मुद्दा. या वाहिनीच्या पेशी मेलेल्या, पोकळ असतात, पाणी ढकलायला त्यांच्यात काही नाही. १८९० च्या दशकात जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडं बुडाशी कापून विषारी द्रावणात उभी केली. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिलं. ओढतं ते पान. पर्णरंध्रांतून वाफ उडते आणि तिच्यामागे पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून तो तुटत नाही, हे डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ साली मांडलं. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त असं पानांतून उडून जातं.

टोमॅटोच्या फळाच्या सालीला पर्णरंध्रंच नसतात. म्हणजे फळाकडची ओढ अगदी कमी. मी विद्यार्थ्यांकडून घोसासकट फांदी कापून सॅफ्रॅनिनच्या लाल पाण्यात ठेवून घ्यायची. पानांच्या शिरा लवकर लाल व्हायच्या. कोवळं हिरवं फळ उभं कापलं तर देठाजवळ लाल रेघा दाट दिसायच्या आणि बुडाकडे जाताना विरळ होत जायच्या. तुमचा काळा डाग नेमका तिथं, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला पडतो. फळ धरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ते झपाट्यानं फुगतं, तेव्हा नव्या पेशींच्या भित्तिकांना कॅल्शियम हवं असतं. त्या दिवसांत पुरवठा तुटला की बुडाच्या पेशी फुटतात. डाग मात्र तुम्हाला नंतर, फळ मोठं झाल्यावर दिसतो.

म्हणून मला औषधापेक्षा तुमच्या लाईटच्या वेळापत्रकाची जास्त काळजी वाटते. पाण्याचा ताण पडला की जलवाहिनीचा प्रवाहच मंदावतो आणि जे थोडं येतं ते पानं ओढून घेतात. मग रात्रीची लाईट आली की आपण भरमसाट सोडतो. काळ्या जमिनीत वाफसा, म्हणजे मातीतला ओल आणि हवेचा मेळ, मोडतो आणि मुळांना हवा मिळत नाही. कॅल्शियम मुख्यतः पांढऱ्या मुळीच्या कोवळ्या टोकातून आत शिरतं आणि गुदमरून आधी तीच मरते. दोन्हीकडून फळच उपाशी राहतं.

कुकडीकाठ
ताई, पहिल्यांदा कुणी कारण सांगितलं. मग रात्री पाणी देऊच नको का? आणि झाड जोमात आहे हे चांगलंच ना?

मीनाताई_वनस्पतिशास्त्र
रात्री जरूर द्या, फक्त थोडं द्या. रात्री पानांची ओढ थांबते, तेव्हा मुळांचा स्वतःचा दाब पाणी वर सारतो आणि फळाच्या वाट्याला थोडं जास्त येतं. उजाडताना पानं बघा. दव पानभर असतं, पण थेंब फक्त पानाच्या कडांना, दात्यांच्या टोकाशी असतील तर मुळांचा दाब चांगला आहे असं समजा. ड्रिपरजवळ वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा व्हावा आणि बोटानं दाबल्यावर फुटावा. चिकट लागली तर त्या दिवशी पाणी नको. शेततळं असेल तर दिवसाच्या लाईटीत भरून ठेवा आणि रोज थोडं थोडं सोडा.

जोमाचं म्हणाल तर तोच अडसर आहे. पाला जितका जास्त तितकं पाणी पानांकडे. युरिया आणि अमोनियम असलेली खतं आत्ता थांबवा. अमोनियम आणि जादा पालाश मुळीपाशीच कॅल्शियमची जागा घेतात. कॅल्शियम नायट्रेट ड्रिपमधून द्या, पण १२:६१:०० किंवा ०:०:५० या विद्राव्य खतांबरोबर एकाच टाकीत कालवू नका, साका बसून ड्रिपर बंद होतील.

काळी झालेली फळं काढून टाका. ती सुधारत नाहीत आणि झाडावर उगीच भार राहतो. आजपासून धरणाऱ्या फळांत फरक दिसायला वेळ लागेल, तोवर फवारण्या वाढवू नका.