मुंबई विमानतळावरून दादरला रात्री कसे जावे? वयस्क आई-वडिलांसाठी सल्ला हवा आहे

हिवराकाठ (पाचोरा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे आई-वडील गेले काही महिने माझ्या बहिणीकडे मस्कतला होते. पुढच्या महिन्यात ते परत येत असून त्यांचे विमान मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या टर्मिनल २ वर रात्री नऊच्या सुमारास उतरणार आहे. तेथून त्यांना दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत, माझ्या मामांकडे जायचे आहे. दोन दिवस तेथे थांबून ते रेल्वेने पाचोऱ्याला येतील. जाताना मेहुणे सोबत होते, त्यामुळे कसलीच अडचण आली नाही. या वेळी मात्र दोघेच आहेत.

मी स्वतः घ्यायला गेलो असतो, परंतु कापसाची वेचणी ऐन भरात आहे आणि मजूर ज्या दिवशी मिळतात त्या दिवशी शेतावर हजर राहावेच लागते. मामांचे वय झाल्याने त्यांना रात्री विमानतळावर बोलावणे मला योग्य वाटत नाही. वडिलांचे गुडघे दुखतात, ते सपाट जमिनीवर चालतात पण जिने चढताना थकतात. सामान म्हणजे चाकांच्या दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली पिशवी.

आतापर्यंत ज्यांना विचारले त्यांनी निरनिराळे सांगितले. एक जण म्हणतो की आता विमानतळाखालूनच मेट्रो जाते, तीच घ्यावी. दुसरा म्हणतो की रिक्षाने अंधेरी स्टेशन गाठून लोकल पकडावी, सर्वांत स्वस्त तेच. तिसऱ्याच्या मते मोबाइलवरून गाडी बोलवावी. पैशांचा प्रश्न नाही असे म्हणणार नाही, पण चारशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी त्या दोघांना रात्री मुंबईत वणवण करावी लागू नये एवढीच इच्छा आहे. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गिरणाकाठ (मूळ भडगाव, सध्या मरोळ, मुंबई) यांचे उत्तर

भाऊ, मी नोकरीनिमित्त टर्मिनल २ च्या जवळच राहतो आणि गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्या मंडळींना घेण्या-सोडण्यासाठी विमानतळावर माझे नेहमी जाणे होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

भाड्याचा विचार करण्याआधी वेळेचा करावा. विमान नऊला उतरले म्हणजे माणूस नऊला बाहेर आला असे होत नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला इमिग्रेशनची रांग असते, नंतर पट्ट्यावर बॅगा येईपर्यंत थांबावे लागते, मग कस्टम्स. त्याच वेळी आखातातून आणखी विमाने उतरली असतील तर दहा सहज वाजतात. मेट्रो ३ च्या शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या आसपास सुटतात. म्हणजे तुमच्या आई-वडिलांच्या हाती जेमतेम अर्धा तास राहील, आणि अनोळखी ठिकाणी, दुखऱ्या गुडघ्यांनी, घड्याळाकडे बघत धावपळ करणे ही गोष्ट मी माझ्या आई-वडिलांना कधीही करायला लावणार नाही.

मेट्रो वाईट आहे असे मात्र कोणी समजू नये. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, तिकीट १० ते ७० रुपयांच्या दरम्यान आहे, गाडी वातानुकूलित आहे, सर्व स्थानकांवर लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, आणि टर्मिनल २ पासून दादरला वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. दिवसा एकट्या माणसाने, एका बॅगेसह, याहून चांगले साधन शोधू नये. सीएसएमटीवरून जळगावकडची गाडी पकडायची असेल तर विमानतळावरून थेट तेथपर्यंत भुयारातूनच जाता येते, ही आपल्या भागातल्या लोकांसाठी फार मोठी सोय झाली आहे.

तुमच्या बाबतीत अडचण दादरला उतरल्यावर आहे. मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेला आहे आणि हिंदू कॉलनी पूर्वेला. मध्ये पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे रूळ येतात. पादचारी पुलावरून जायचे तर जिने आणि गर्दी, टिळक पुलावरून जायचे तर पुन्हा टॅक्सी. रात्री अकराला मोठ्या बॅगा घेऊन एवढ्या जवळच्या भाड्यासाठी टॅक्सीवाल्याला तयार करणे सोपे नसते. शेवटी टॅक्सी करावीच लागणार असेल तर ती विमानतळावरूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कस्टम्समधून बाहेर पडल्यावर आगमन कक्षातच प्रीपेड टॅक्सीचे काउंटर आहेत. तेथे “दादर पूर्व, हिंदू कॉलनी” असे सांगावे आणि बॅगा किती ते सांगावे. पैसे तेथेच भरून पावती घ्यावी. वडिलांनी घरापाशी उतरून बॅगा डिकीतून बाहेर काढेपर्यंत ती पावती स्वतःजवळच ठेवावी. बाहेर पडताना “टॅक्सी, टॅक्सी” करत जवळ येणारे आणि बॅगेला हात घालणारे काही जण भेटतात, त्यांच्याशी बोलणेच टाळावे. नुसते पुढे चालत राहावे. माझ्या एका नातेवाइकाने अशाच माणसाच्या खासगी गाडीत बसून सायनपर्यंतच्या प्रवासाला पावतीच्या भाड्याच्या दुपटीहून अधिक पैसे दिले होते, आणि हातात कागद नसल्यामुळे तक्रार करायलाही जागा उरली नाही.

अंतर साधारण बारा-तेरा किलोमीटर आहे. संध्याकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर मोठी गर्दी उत्तरेकडे, म्हणजे बोरिवलीच्या बाजूने जाणारी असते. दहानंतर दादरकडचा रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळतो. चालकाने वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून जाऊ का असे विचारले तर नको म्हणावे; दादर पूर्वेला जाण्यासाठी त्याची गरज नाही आणि त्याचा टोल वेगळा पडतो.

सातपुडा (शहादा) यांचे उत्तर

रिक्षा आणि लोकल हा मार्ग कोणी सुचवला असेल त्याने एकट्याने, हातात एक पिशवी घेऊन तो प्रवास केला असावा. रिक्षा मुंबईत सगळीकडे चालत नाही, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक नसते. ती उपनगरांत, वांद्रे आणि सायनपर्यंत चालते. दादरला जाऊ शकत नाही. जळगावात किंवा नंदुरबारला स्टेशनबाहेर आले की रिक्षा थेट दारापर्यंत सोडते, तशी अपेक्षा येथे ठेवून चालणार नाही. अंधेरी स्टेशनवरचे पूल, तेथील जिने आणि डब्यात चढताना मिळणारे काही सेकंद यांचा विचार केला तर वयस्क जोडप्यासाठी हा मार्ग मनातूनच काढून टाकावा.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट नोंदवतो. सुरत, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या मार्गाच्या गाड्या पश्चिम रेल्वेच्या आहेत. त्यांच्यासाठी दक्षिण मुंबईत जाण्याऐवजी आपली गाडी वांद्रे टर्मिनसवरून किंवा बोरिवलीवरून मिळते का ते आधी पाहावे. विमानतळावरून वांद्रे टर्मिनस जवळ आहे आणि तेथपर्यंत रिक्षाही जाते.

वाघूर (भुसावळ) यांचे उत्तर

मी गिरणाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत नाही. मेट्रोला वेळेची खात्री असते, टॅक्सीला नसते. पावसात कलानगरच्या चौकात गाडी अडकली की किती वेळ जाईल ते कोणीही सांगू शकत नाही. विमान वेळेवर आले आणि साडेनऊला बाहेर पडता आले, तर मेट्रोने दादर आणि तेथून मामांच्या शेजारच्या एखाद्या तरुणाने येऊन नेणे, हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो, कारण स्थानकावर सतत माणसे असतात, सुरक्षारक्षक असतात आणि फसवणुकीला जागाच नसते.

ज्यांना दादरला न जाता ठाणे-कल्याणकडे जायचे आहे त्यांनी टर्मिनल २ वरून आरेच्या दिशेची मेट्रो घ्यावी, पुढचेच स्थानक मरोळ नाका आहे. तेथे वर्सोवा-घाटकोपर मार्गिका मिळते आणि घाटकोपरला मध्य रेल्वेची लोकल. कल्याणला मुक्कामी असलेली आपली कितीतरी मंडळी आता असेच जातात. मात्र संध्याकाळच्या गर्दीत कल्याणकडच्या लोकलमध्ये सामानासह शिरण्याचा विचार करू नये.

गिरणाकाठ यांचे उत्तर

वाघूर भाऊ, खात्रीचा मुद्दा मान्य आहे, आणि दुपारचे विमान असते तर मीही मेट्रोच सांगितली असती. परंतु विमानतळाची ढकलगाडी मेट्रोत नेता येत नाही. टर्मिनलमधून बाहेर पडून स्थानकाच्या दारापर्यंत, तेथे बॅगा तपासणीच्या यंत्रात उचलून ठेवणे, पलीकडे उतरवणे, मग लिफ्ट शोधणे आणि खाली फलाटापर्यंत जाणे, हे सर्व त्या दोघांनाच करायचे आहे. बॅग पट्ट्यावर उचलून ठेवायला शेजारचा प्रवासी मदत करतोही, पण त्याच्या भरवशावर बेत आखता येत नाही.

केळीबाग (रावेर) यांचे उत्तर

दादा, माझी सूचना वाहनापेक्षा फोनविषयी आणि वडिलांच्या गुडघ्यांविषयी आहे, कारण या दोन गोष्टींकडे आपण लक्ष देत नाही आणि नेमके तेथेच अडकतो.

आई-वडील काही महिने परदेशात असल्यामुळे त्यांच्या भारतातील सिमकार्डाचा रिचार्ज संपलेला असण्याची शक्यता मोठी आहे. मोबाइलवरून गाडी बोलवायची तर इंटरनेट हवे, चालकाला सांगायला ओटीपी हवा आणि त्याचा फोन घेता यायला हवा. विमानतळाच्या वाय-फायलासुद्धा बहुधा ओटीपी लागतो, आणि तो बंद पडलेल्या सिमवर येत नाही. तुम्ही पाचोऱ्याहून त्यांच्यासाठी गाडी बोलवाल, चालक तुम्हाला फोन करेल, “मी वाहनतळावर अमुक खांबापाशी उभा आहे” असे सांगेल, आणि तो खांब ना तुम्हाला दिसेल ना आई-वडिलांना सापडेल. टर्मिनल २ वर अशा गाड्या बहुमजली वाहनतळावर येतात, दारासमोर येत नाहीत. नेहमीच्या प्रवाशाला ते अवघड नाही, पण पहिल्यांदा एकट्याने येणाऱ्या वयस्क माणसाला मजला आणि रांग शोधताना नक्कीच दमछाक होते. म्हणून प्रीपेड टॅक्सीच बरी. फोन चालू असो वा नसो, समोर काउंटर असतो आणि त्यामागे माणूस बसलेला असतो. तरीही विमान सुटण्याच्या आदल्या दिवशी दोघांच्या नंबरावर तुम्ही येथूनच रिचार्ज करून ठेवा.

दुसरे म्हणजे, विमान कंपनीला आत्ताच कळवून वडिलांसाठी व्हीलचेअर मागून घ्या. त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, फक्त साधारण ४८ तास आधी सांगून तिकिटावर नोंद करून घ्यावी लागते. आमच्या नानांना “मी काय आजारी आहे का” म्हणून ती घ्यायला संकोच वाटत होता. मी त्यांना एवढेच सांगितले की टर्मिनल २ मध्ये विमानापासून बाहेरच्या दारापर्यंतचे अंतर बरेच मोठे आहे. खुर्ची ढकलणारा कर्मचारी इमिग्रेशनच्या रांगेतून पुढे नेतो, बॅगा पट्ट्यावरून उचलून देतो आणि बहुतेक वेळा टॅक्सीपर्यंत सोबत येतो. नानांच्या वेळी त्यानेच प्रीपेडच्या काउंटरपाशी खुर्ची थांबवली, आईला पावती घेऊ दिली, आणि नाना गाडीत बसून दार लागेपर्यंत तो जागेवरून हलला नाही. आईची काळजी त्या एका माणसाने निम्मी केली.

आणि एका जाड कागदावर मामांचे नाव, इमारत, गल्लीची खूण आणि दोन फोन नंबर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत लिहून तो वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात राहील असे बहिणीला सांगा. आपली मंडळी घरात अहिराणी किंवा तावडी बोलतात. रात्री, थकलेल्या अवस्थेत, अनोळखी चालकाला हिंदीतून पत्ता समजावताना गडबडतात.

हिवराकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. व्हीलचेअरचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. बहिणीला लगेच फोन केला, तिने आज तिकिटावर नोंद करून घेतली आहे. प्रीपेड टॅक्सीचेच ठरवले आहे. वाघूर भाऊंची सूचनाही वाया जाणार नाही. मामांच्या शेजारचा मुलगा रात्री इमारतीच्या फाटकापाशी उभा राहायला तयार झाला आहे, त्यामुळे बॅगा वर नेण्याची चिंता मिटली. एकच शंका उरली आहे. विमानाला उशीर होऊन मध्यरात्र उलटली तर टॅक्सी मिळेल ना, आणि भाड्यात किती फरक पडेल?

गिरणाकाठ यांचे उत्तर

टॅक्सी मिळेल. टर्मिनल २ वर रात्रभर विमाने उतरतात आणि पहाटेपर्यंत टॅक्सी उभ्या असतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे आणि रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के अधिक घेतले जातात. प्रीपेडचे भाडे मीटरपेक्षा काहीसे जास्त असते, हे आई-वडिलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे काउंटरवर रक्कम ऐकून ते बिचकणार नाहीत. बहिणीला त्यांच्याजवळ भारतीय चलनातील हजारेक रुपये, शक्यतो शंभर-दोनशेच्या नोटांत, द्यायला सांगा. रियाल बदलून घेण्यासाठी त्यांना थांबावे लागू नये.

विमान फार उशिरा, म्हणजे रात्री दोन-तीनला आले, तर मामांची झोपमोड होईल म्हणून ते दोघे टर्मिनलमध्येच बसून राहण्याचा विचार करतील. तसे करू नका असे त्यांना आधीच बजावा. माझा नंबर तुम्हाला संदेशातून पाठवला आहे. मी दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. काही अडले तर कोणत्याही वेळी फोन करावा.