मदत हवी आहे: अंतरा या दर तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनचा डोस २३ दिवस लांबला, आता काय करू?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम (परिचारिका-सुईण) म्हणून लागून मला आठ महिने झाले. शनिवारी एक बाई अंतराच्या तिसऱ्या डोसाला आली. कार्डावर तारीख १० एप्रिल, ती आली ३ मे रोजी. काजूचे दिवस, पहाटेपासून बोंडू वेचायचे. कार्ड कुणाला आठवतंय!

आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, दोन आठवडे उलटले, आता पाळी आल्यावर ये म्हणावं. पण हिला दुसऱ्या डोसापासून पाळीच नाही, मग येणार कधी? निरोध देऊन ८ तारखेला बोलावलंय. जीवाला चैन नाही. गरोदरपणाची चाचणी करून डोस द्यायचा का? शिवाय सासू म्हणते, रक्त आत साचतंय. मी "काही होत नाही" म्हटलं, तिला काही ते पटलं नाही.

पेडण्याचा डॉक्टर:
८ पर्यंत थांबू नका, तो शेवटचा दिवस आहे! अंगणवाडीच्या बाईंकडून निरोप धाडा. डोस ठरलेल्या तारखेआधी २ आठवडे ते नंतर ४ आठवडे चालतो. सिस्टरांचे दोन आठवडे बहुधा आधीच्या बाजूचे. चाचणी नको, निरोधही नको. ४ आठवडे उलटले असते, तर गरोदर नाही याची खात्री करून डोस आणि पुढे ७ दिवस निरोध. पाळीची वाट पाहायला लावली की त्यातच दिवस राहतात. बीपी तेवढं बघा. १६०/१०० किंवा वर असेल तर डोस न देता डॉक्टरांकडे पाठवा. आणि टोचल्यावर जागा चोळायची नाही, आपल्याकडे सवयीनं चोळतात.

चाफा:
मी स्टाफ नर्स. सासूला मी विचारते, पेरलंच नाही तर कापणार काय? अंतरामुळे गर्भपिशवीचं अस्तर जाड होत नाही, म्हणून गळायला काही नसतं. साचत काहीच नाही. हे पहिल्या डोसाआधीच सांगायचं असतं खरं तर. आणि पुढे मूल हवं असेल तर शेवटच्या डोसापासून ७ ते १० महिने धरायला सांगा, नाहीतर दोन महिन्यांत दिवस राहिले नाहीत की दोष इंजेक्शनला.

धागाकर्ती:
आज, ६ मे, दिला. बीपी १२४/८०. सासू सोबत आलेली. पेरणीचं ऐकून हसली, मग स्वतःच्या गुडघ्यांचं विचारू लागली. पुढची तारीख ६ ऑगस्ट. चवथीच्या धांदलीआधीची आहे, तरी जुलैअखेर निरोप धाडीन.