मदत हवी आहे: खुब्याजवळच्या हाडाचा कॅन्सर, पाय वाचवायची शस्त्रक्रिया

नमस्कार. माझ्या 17 वर्षांच्या भाच्याला कमरेच्या हाडात, अगदी खुब्याच्या वाटीला लागून, युइंग सार्कोमा निघाला आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये केमो चालू आहे, गाठ बरीच आकसली. पायाची मुख्य नस आणि रक्तवाहिन्या गाठीपासून मोकळ्या दिसतात, म्हणून पाय न कापता फक्त हाडाचा तो भाग काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले. केवढा धीर आला म्हणून सांगू!

प्रश्न आहे तो भाग काढल्यावर खुब्याच्या सांध्याचं काय करायचं याचा. एक मार्ग असा की काढलेलं हाड ऑपरेशन चालू असतानाच बाहेर नेऊन रेडिएशनचा एकच मोठा डोस द्यायचा, कॅन्सरच्या पेशी मारायच्या आणि तेच हाड प्लेट-स्क्रूने परत बसवायचं. दुसऱ्यात काहीच बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचा गोळा वर सरकवून तिथेच स्थिरावू देतात. पाय काही सेंटीमीटर आखूड होतो, बुटाला जाड तळ लावावा लागतो, पण जंतुसंसर्गाची भीती कमी. मला दुसराच बरा वाटतो, कारण जखम चिघळली तर पुढची केमो लांबते. ताईचं मन मात्र आखूड पायाला धजत नाही.

ज्यांच्या घरी यातलं काही झालंय, त्यांनी कृपया लिहा. कुबड्या कधी सुटल्या? जिना चढता येतो का, खाली बसता येतं का? आणि कराड-सातारा भागात अशा पेशंटची फिजिओथेरपी केलेलं कुणी माहितीत आहे का?